शुक्रवारचे जेवण

माळव्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत दोन भाषा सुखाने नांदतात. देवास जिल्ह्यातील टोंकखुर्दसारख्या तहसिलीच्या गावी उंबऱ्याबाहेर माळवी आणि हिंदी, तर आत स्वयंपाकघरात मराठी. अशा घरातील मंडळींना लंडनमधील एका ज्यू कुटुंबाची विनोदी मालिका परकी वाटण्याचे कारण नाही. ‘फ्रायडे नाइट डिनर’ हे तिचे नाव. रॉबर्ट पॉपर यांनी लिहिलेली ही मालिका ब्रिटनच्या चॅनेल 4 या वाहिनीवर 2011 ते 2020 या काळात सहा पर्वांतून दाखविली गेली.

कथानक म्हणावे तर फारसे नाहीच. गुडमन कुटुंबातील दोन कर्ते मुलगे, ॲडम आणि जॉनी, दर शुक्रवारी संध्याकाळी आईबापांकडे जेवावयास येतात आणि दारातून आत पाऊल टाकताच दहा वर्षांचे होतात. एकाने दुसऱ्याच्या पाण्यात मीठ कालवावे, दुसऱ्याने त्याचे उट्टे काढावे, हा त्यांचा नित्यक्रम. वडील मार्टिन उकडते म्हणून सदरा काढून घरभर वावरतात, कानाने अधू आहेत, आणि जुनी मासिके फेकवत नाहीत म्हणून बायकोपासून लपवून ठेवतात. आई जॅकी या साऱ्यांना ताटावर बसविण्याच्या खटपटीत असते, तोच शेजारचा जिम दार वाजवितो. हा गृहस्थ स्वतःच्याच कुत्र्याला भितो! जेवण धडपणे पार पडले असे क्वचितच घडते. काही विनोद वडीलधाऱ्यांसमवेत पाहण्याजोगे नाहीत, हेही सांगितलेले बरे.

शुक्रवारच का, हे मराठी माणसाला कोकणातल्या बेने इस्राएल समाजाकडे पाहून चटकन उमगावे. ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होतो. तेलाचा धंदा करणारी ही मराठीभाषक मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. शुक्रवारच्या प्रार्थनेला द्राक्षाच्या मद्याऐवजी त्यांनी मनुकांचे सरबत योजिले. 1948 नंतर त्यांच्यातील पुष्कळजण इस्राएलला गेले, ते मराठी बरोबर घेऊन.

गुडमनांच्या घरी प्रार्थना जवळजवळ दिसत नाही. व्रताचे उरले आहे ते एवढेच, की शुक्रवारी घरी यायचे. शब्बाथ म्हणजे काय, हे लेखक प्रेक्षकांना समजावीतही बसत नाही. कुतूहल सारे जिमला. ‘शालोम’ म्हणत तो अवघडून उभा राहतो आणि हसे होते ते त्याचे. आपल्या चालीरीतींचा खुलासा न करता घर जसे आहे तसे उघडे ठेवावे, यातच या मालिकेची खरी गोडी आहे.

ही रीत मराठीला नवी नाही. बडोद्यास पाली शिकविणाऱ्या चिं. वि. जोशी यांनी चिमणराव, काऊ आणि गुंड्याभाऊ यांचा संसार असाच बिनखुलाशाचा मांडला. पुढे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी तो घरोघर पोहोचविला. मात्र चिमणरावांचे कुटुंब एकाच छपराखाली राहत होते. त्याला भेटीचा वार ठरविण्याची गरज पडली नाही. गुडमनांचे मुलगे वेगळे राहतात.

माळव्यातील मराठी घरे आता चिमणरावांपेक्षा गुडमनांना अधिक जवळची झाली आहेत. मुलगा पुण्यास, मुलगी इंदूरला. गणपती आणि दिवाळी सोडली तर येण्याचा वार कोणताच नाही. मधल्या काळात त्या स्वयंपाकघरातील मराठी दोघा म्हाताऱ्यांपुरती राहते, आणि कित्येकदा तीही ‘भाजीत मीठ कमी आहे’ एवढ्यावर संपते. नातवंडे येतात ती हिंदीतून बोलत. ॲडम आणि जॉनी कुरकुरतात, वडिलांच्या त्याच त्या बोलण्याला वैतागतात. पण पुढच्या शुक्रवारी पुन्हा दारात उभे असतात.

मार्टिनची भूमिका करणारे पॉल रिटर एप्रिल 2021 मध्ये वारले. मालिका त्याआधीच, 2020 साली, संपली होती. तिच्यात शेवटपर्यंत सदरा काढून बसलेला बाप टेबलाच्या टोकाशी होता आणि मुलगे त्याला हसत होते.