कथा आधी कुठे द्यावी?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मेळाव्याचा व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाला आणि आपल्या बॅचमध्ये लिहिणारे निदान सात-आठ जण निघाले. शाळेत ज्यांच्या निबंधावर 'ठीक' एवढाच शेरा असायचा, त्यांच्याकडे आज अख्ख्या कादंबऱ्या लिहून तयार आहेत. मी पुण्यात बरीच वर्षे हस्तलिखिते वाचण्याचे काम केले, म्हणून प्रत्येकाने मला फोनवर एकच प्रश्न विचारला : प्रकाशकाच्या उत्तराची वाट पाहायची, की मोबाईलवर टाकून मोकळे व्हायचे? संयोजक म्हणाले, मग यावरच बोल.

एका मित्राने उत्तरही देऊन टाकले : "कायले वाट पायतं बे? दे टाकून प्रतिलिपीवर!"

त्याचे म्हणणे वावगे नाही. आर्णीहून पुण्या-मुंबईला बाड पाठवावे, तर कित्येकदा पोचही येत नाही. उलट २०१४ साली बंगळूरला सुरू झालेल्या त्या प्रतिलिपीवर रात्री भाग टाकला की सकाळी कुणीतरी 'पुढचा कधी?' म्हणून विचारतो. लिहिणाऱ्याला ही भूक असतेच. शिवाय वाचकांपुढे आधी हप्त्याहप्त्याने यायचे आणि पुस्तक मागाहून, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातूनच क्रमशः दिली. लेखक तेच, संपादकही तेच! आधी वाचली गेली म्हणून त्या पुस्तकाचे काही बिघडले नाही.

पण कादंबरीचा हा न्याय कथेला लावू नका. माझे सगळे सांगणे एवढ्यासाठीच आहे.

मराठी कथेचा मोठा बाजार म्हणजे दिवाळी अंक. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कथाकार तिथे घडत आले. या अंकांच्या संपादकांना आणि बहुतेक कथास्पर्धांना कोरी कथा लागते, कुठेही न आलेली. आपल्यातल्याच एकीने कापूस वेचणाऱ्या बाईवर कथा लिहिली. तिची परवानगी घेऊनच सांगतो. कथा उत्तम होती. तिने ती फेसबुकवर टाकली, लोकांनी डोक्यावर घेतली. पुढे एका अंकाने ती निवडली. छपाईआधी कुणीतरी त्यातली एक ओळ गुगलवर शोधली आणि कथा परत आली. दोन महिन्यांनी तीच कथा आपल्याच ग्रुपवर फिरत आली, खाली 'साभार' आणि लेखिकेचे नाव गायब. तिने ती वाचली आणि काही लिहिले नाही, नुसता अंगठा दाखवला. मला ते फार लागले.

कायद्याने ती कथा आजही तिचीच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्या क्षणी हक्क लेखकाचा होतो. नोंदणी सक्तीची नाही, आणि तो मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. पण त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात प्रकाशनाची व्याख्या आहे. प्रती काढणे हे जसे प्रकाशन, तसेच लोकांपर्यंत पोहोचवणे हेही प्रकाशन. म्हणजे 'छापली कुठे, नुसती टाकली' हा युक्तिवाद टिकत नाही. चार मैत्रिणींना वाचायला देणे वेगळे आणि सगळ्या जगाला उघडी ठेवणे वेगळे. कथा गेली नाही, पण पहिल्यांदा छापण्याचा मान गेला. तो एकदाच देता येतो.

म्हणून माझा सल्ला : दिवाळी अंकाला पाठवायची कथा घरात ठेवा. ती अंकात येऊन गेली, की संपादकांना विचारून खुशाल ऑनलाईन टाका. कादंबरीवाल्यांनी मात्र थोडे धाडस करावे. अँडी विअर या अमेरिकन लेखकाने 'द मार्शियन' आपल्या संकेतस्थळावर फुकट, प्रकरणाप्रकरणाने दिली. वाचकांनी त्यातले विज्ञान तपासले, चुका दाखवल्या. २०१४ साली मोठ्या प्रकाशकाने ती काढली आणि पुढच्याच वर्षी सिनेमा आला. (सगळ्यांचे असे होत नाही, हे जेवणाआधीच सांगून ठेवतो.) अमीशने 'मेलुहा'चे पहिले प्रकरण पुस्तकांच्या दुकानांतून फुकट वाटले होते. मला ही दुसरी वाट जास्त पटते. दोन-तीन प्रकरणे दाखवा, शेवट आपल्याकडे ठेवा आणि प्रकाशकाला पत्रात तसे स्पष्ट कळवा. लपवलेले सापडते.

खरी भीती मला चोरीची वाटत नाही. मला भीती वाटते ती 'पैसे भरा, पुस्तक काढून देतो' म्हणणाऱ्यांची. वाट पाहून थकलेला माणूस तिथे सही करतो. करारात 'सर्व हक्क, कायमचे' असे शब्द दिसले की पेन खाली ठेवा. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, पण लिहून दिली की बोलणे खुंटते. ॲपच्या अटीही अशाच वाचा. ज्यांचे एकही पुस्तक निघालेले नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. त्यासाठी कागदपत्रांची खटपट करावी लागते, पण तिथे हात पसरावे लागत नाहीत.

आणि आपल्या ग्रुपसाठी एक विनंती. कुणाचीही कथा पुढे पाठवताना खालचे नाव पुसू नका. नाव नसलेली आली तर विचारा, कुणाची आहे.

जेवणानंतर मी चारपर्यंत दहावी 'अ'च्या वर्गात बसणार आहे. ज्यांनी वह्या आणल्या असतील त्यांनी घेऊन यावे. करार आणला असेल तर आधी तो दाखवा.