डोंगरातील धावपट्टी आणि माघारीचा निर्णय



मोठ्या शहरातील विमानतळाची धावपट्टी साधारणतः दोन-तीन किलोमीटर लांब असते. नेपाळात एव्हरेस्टच्या वाटेवरील लुक्ला या गावची धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,८४५ मीटर उंचीवरील या पट्टीच्या एका टोकाशी खोल दरी आहे, तर दुसऱ्या टोकाशी डोंगराचा कडा. दरीकडून यावयाचे आणि दरीकडेच झेप घ्यावयाची, याखेरीज वैमानिकाला अन्य मार्ग नाही.

ही धावपट्टी सर एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने १९६४ साली तयार झाली. शेर्पांच्या दुर्गम मुलखात शाळा व रुग्णालये उभारण्यासाठी सामान पोहोचविणे, हा तिचा मूळ उद्देश होता. सपाट जमीन पिकाखालची होती. ती देण्यास शेतकरी राजी नव्हते. म्हणून उतरणीची जागा पत्करावी लागली. भुसभुशीत माती घट्ट व्हावी, यासाठी गावकऱ्यांनी तिच्यावर पावले आपटीत नृत्य केले. पुढे २००१ साली पट्टीचे डांबरीकरण झाले.

पट्टीचे वरचे टोक खालच्या टोकाहून सुमारे साठ मीटर उंच आहे. उतरणाऱ्या विमानाचा वेग या चढामुळे आवरला जातो. उड्डाण करणाऱ्या विमानाला तोच उतार साहाय्यभूत होतो. परंतु हा चढ दृष्टीची फसगतही करतो. चढाची पट्टी समोर दिसली म्हणजे विमान फार उंचावर असल्याचा भास वैमानिकाला होतो. तो विमान आणखी खाली घेतो आणि पट्टी गाठण्यापूर्वीच डोंगराला धडकण्याचा धोका उत्पन्न होतो. त्यातच हवा विरळ असते. वेगदर्शक काटा नेहमीचाच आकडा दाखवीत असला, तरी विमानाचा प्रत्यक्ष वेग समुद्रसपाटीवरील वेगाहून सुमारे पंधरा टक्क्यांनी अधिक असतो. दुपारनंतर वारे आणि ढग वाढतात. म्हणून बहुतेक उड्डाणे सकाळीच उरकली जातात.

दिनांक ८ ऑक्टोबर २००८ रोजी येथे उतरू पाहणारे ट्विन ऑटर विमान धुक्यात पट्टीच्या अलीकडेच कोसळले. विमानातील १९ जणांपैकी १८ जण मृत्युमुखी पडले. केवळ मुख्य वैमानिक बचावला. २७ मे २०१७ रोजी एक मालवाहू विमान असेच पट्टीपूर्वी आदळले व त्यात दोन्ही वैमानिक दगावले. दोन्ही प्रसंगी वैमानिकांची दृष्टी धुक्याने वा ढगांनी अडविली होती.

अशा ठिकाणी शेवटच्या क्षणी विमान पुन्हा वर नेता येत नाही, कारण समोर कडा असतो. साहजिकच माघारीचा निर्णय दरी पुरेशी रुंद आहे, विमान वळविता येते, तोपर्यंतच घ्यावा लागतो. त्या टप्प्यावर पट्टी स्पष्ट दिसत नसेल, तर परत फिरणे हेच वैमानिकाचे कर्तव्य ठरते.

मात्र हा निर्णय तो एकाकीपणे घेत नाही. विमानात घाईला आलेले प्रवासी असतात. खाली औषधांची, धान्याची, आप्तांची वाट पाहणारे गाव असते. ही अपेक्षा स्वाभाविक आहे. तथापि तिचे दडपण वैमानिकावर येता कामा नये. हवामानाची खरी स्थिती वेळेवर कळविणे, पट्टीवर जनावरे वा माणसे येऊ न देणे आणि रिकाम्या परतलेल्या विमानाबद्दल वैमानिकास दोष न देणे, एवढे जमिनीवरच्या माणसांच्या हाती असते. आज परतलेले विमान उद्या सकाळी पुन्हा येऊ शकते.