पुतळ्याचे कासव आणि जिवंत कासव



महादेवाच्या देवळात नंदीजवळ दगडी कासव असते. ते आपण सर्वांनी पाहिले आहे. आज आम्ही तुम्हाला दूरच्या एका गावची कासवे सांगणार आहोत. तेथेही कासवाचे पुतळे आहेत. पण ते देवळात नाहीत, गावात उघड्यावर आहेत.

गावाचे नाव प्वेर्तो आयोरा. दक्षिण अमेरिकेत इक्वेडोर नावाचा देश आहे. त्याच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटरवर, भर समुद्रात गालापागोस बेटे आहेत. त्यांतल्या सांताक्रूझ बेटावर हे गाव वसले आहे. या बेटांवर फार मोठी कासवे राहतात. मोठ्या नराचे वजन २०० किलोच्या वर भरते. म्हणजे ज्वारीची दोन पोती! ही कासवे शंभराहून जास्त वर्षे जगतात. ती पाहायला जगभरचे लोक येतात. गावातल्या पुष्कळ घरांची चूल या पाहुण्यांवर पेटते.

पाहुणे आले की फोटो आलेच. पुतळ्याला हात लावा, खेटून उभे राहा, फोटो काढा. पुतळ्याला त्याचे काय? जिवंत कासवाचे मात्र तसे नाही. त्याच्यापासून दोन मीटर, म्हणजे सुमारे साडेचार हात, दूर राहावे लागते. हात लावायचा नाही, खायला घालायचे नाही. कॅमेऱ्याचा दिवाही चमकवायचा नाही. असा तिथला नियमच आहे.

एवढी कडक शिस्त कशासाठी? त्यासाठी जॉर्जची हकिकत ऐका.

हे कासव कित्येक महिने अन्नपाण्यावाचून जगते. म्हणून पूर्वी खलाशी ती जिवंतच जहाजात भरून नेत आणि वाटेत मारून खात. अशी हजारो कासवे गेली. पुढे १९५९ मध्ये पिंटा नावाच्या बेटावर कोळ्यांनी तीन बकऱ्या सोडल्या. मोकळी बकरी काय करते, हे तुम्हाला काय सांगावे! थोड्याच वर्षांत तिथे हजारो बकऱ्या झाल्या. पाला गेला, गवत गेले. कासवांनी खावे काय?

१९७१ मध्ये पिंटा बेटावर एकच कासव दिसले. तो नर होता. लोकांनी त्याचे नाव ठेवले 'एकटा जॉर्ज'. त्याला सांताक्रूझला आणले. त्याच्या जातीची मादी पुष्कळ शोधली, पण मिळाली नाही. जवळच्या जातीच्या माद्या त्याच्याजवळ ठेवल्या. त्यांनी अंडी घातली, पण एकातूनही पिल्लू निघाले नाही. २४ जून २०१२ रोजी जॉर्ज मेला. त्याच्याबरोबर त्याची जातही संपली. माणसांनी चाळीस वर्षे त्याला जपले, पण फार उशीर झाला होता.

आता दुसरी बाजू पाहा. एस्पान्योला बेटावर १४ कासवे उरली होती. १२ माद्या आणि २ नर. त्यांना वेळीच सांताक्रूझला आणले. आणखी एक नर अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयातून मिळाला. अंडी उबवली, पिल्ले वाढवली आणि बेटावर परत नेऊन सोडली. २०२० पर्यंत तिथे सुमारे २,००० कासवे झाली होती. २०२० मध्ये या १५ म्हाताऱ्या कासवांनाही घरी पोचवले. चौदा होती म्हणून जात वाचली. एकच राहिला, तिथे इलाज चालला नाही.

मंडळी, आता आपल्याकडेही पुष्कळांच्या हाती फोटोचा मोबाईल आहे. कुठे प्राण्याचा पुतळा दिसला तर फोटो जरूर काढा. ऊन आपल्या पाठीशी घ्या, म्हणजे फोटो स्वच्छ येतो. शेजारी माणूस उभा करा, म्हणजे पुतळा केवढा ते कळते. आणि खाली पाटी असेल तर ती वाचा. आता आपल्याला वाचता येते. तो प्राणी कोणता, तो आज कुठे राहतो, किती उरला आहे, हे विचारा.

पुतळा मोडला तर कारागीर नवा करून देईल. कासव कोणत्याही कारागिराला करता येत नाही. म्हणून जिवंत प्राणी दिसला, तर चार पावले मागेच थांबा.