पदवीधर, गणवेश आणि स्वेच्छा

(छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



युद्धाची चाहूल लागली की महाविद्यालयांच्या आवारात एक प्रश्न हमखास उभा राहतो : अशा वेळी आम्ही वर्गात बसून राहावे काय? 2025 च्या मे महिन्यात भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस लढाई झाली, तेव्हाही तो उभा राहिला. त्या दिवसांत या शहरातील एक पदवीधर तरुण माझ्याकडे आला. सैन्यात जाण्याविषयी तुमचे मत काय, असे त्याने विचारले. मी देशप्रेमाविषयी चार शब्द बोलू लागलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “देशप्रेम आहेच, काका. पण मी तीन वर्षे पोलीस भरतीलाही उभा राहतो आहे.” त्या वाक्याने मी निरुत्तर झालो. आजचे माझे भाषण म्हणजे त्या तरुणाला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजा.

युद्धकाळात विद्यार्थी स्वेच्छेने सैन्यात जातो, तेव्हा आपण त्याचा गौरव करतो. तो योग्यच आहे. परंतु स्वेच्छा या शब्दाला अर्थ केव्हा येतो? माणसापुढे दोन वाटा असतील आणि त्यांतील अवघड वाट तो समजून उमजून निवडील, तेव्हा. म्हणून अशा प्रत्येक प्रसंगी आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत. हे युद्ध कशासाठी आहे? त्याचा भार कोणाच्या मुलांवर पडतो आहे? आणि परत आलेल्या सैनिकाचे समाज काय करणार आहे?

हे प्रश्न नवे नाहीत. पहिल्या महायुद्धात 1918 साली गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडत होते. त्या वेळी लोकमान्यांनी त्यांना पन्नास हजार रुपयांचा धनादेश पाठविला. हिंदी लोकांना सैन्यात अधिकाऱ्यांच्या जागा मिळतील असे अभिवचन गांधीजींनी सरकारकडून आणावे, मग आपण महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देऊ, न दिल्यास ही रक्कम दंड म्हणून जप्त व्हावी, अशी ही पैज होती. मदत ही सौद्याच्या स्वरूपात देऊ नये, असे म्हणून गांधीजींनी धनादेश परत केला. दोघांच्या नैतिक भूमिकेत अंतर होते. पण रक्त आमचे आणि हुकूम तुमचा ही विभागणी टिळकांना मान्य नव्हती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसऱ्या महायुद्धात हा पेच अधिक बिकट झाला. साम्राज्याच्या युद्धाला माणूस द्यावयाचा नाही आणि पैसाही द्यावयाचा नाही, अशी समाजवाद्यांची भूमिका होती. 1942 साली हजारो विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले ते सैन्यात जाण्यासाठी नव्हे, तर त्या राज्याविरुद्ध लढण्यासाठी. याच सुमारास डॉ. आंबेडकर मात्र महार तरुणांना सैन्यात जाण्याचे आवाहन करीत होते आणि 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या समाजाला सैन्याची दारे बंद झाली होती. पहिल्या महायुद्धात त्यांची पलटण उभारली गेली आणि गरज संपताच 1921 मध्ये मोडली गेली. ज्याला गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती, त्याला गणवेशात माणूस म्हणून उभे राहता येत होते. नाझींचा विजय झाला तर जगातील दलितांचे भवितव्य काय, हाही बाबासाहेबांचा प्रश्न होता. आमच्या युद्धविरोधी घोषणेत त्या तरुणाच्या दुःखाला पुरेसे स्थान नव्हते, हे आज मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

त्याच काळातील आणखी एक पदवीधर आपल्या शेजारच्या सोलापूरचा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली काँग्रेसने पाठविलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांवर उपचार करता करता डिसेंबर 1942 मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे तिकडेच निधन झाले. युद्धात उडी घेणे म्हणजे बंदूकच उचलणे नव्हे, आणि आपल्या देशाची सीमा हीच न्यायाची सीमा नव्हे, हे त्यांनी जगून दाखविले.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. नोव्हेंबर 1938 मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. निजामी राजवटीने बंदी घातली. हे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचले आणि शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. नागपूर विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे घेतले, म्हणून त्यांच्यापैकी कित्येकांचे शिक्षण पुरे झाले. पुढे 7 ऑगस्ट 1947 रोजी स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद संस्थान भारतात विलीन करण्याची चळवळ सुरू झाली आणि विद्यार्थ्यांनी पुन्हा महाविद्यालये सोडली. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृतिसमितीच्या मार्गदर्शनाखाली सरहद्दीवर छावण्या उभ्या राहिल्या. ज्यांनी कधी काठीही हातात धरली नव्हती, अशी मुले तेथे बंदूक चालवावयास शिकली.

या मुलांना कोणी पगार दिला नव्हता, निवृत्तिवेतनाचे आश्वासन दिले नव्हते, हुद्दाही दिला नव्हता. वकिलाचा मुलगा आणि कुळाचा मुलगा एकाच पंगतीला बसून भाकरी खात होते. माझ्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे या छावण्यांनी दिली : युद्ध जुलमी राजवटीविरुद्ध होते, आणि भार सर्वांनी उचलला होता. हा लढा एका धर्माचा दुसऱ्या धर्माविरुद्ध नव्हता, हेही सांगितले पाहिजे. विलीनीकरणाची बाजू मांडणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत रस्त्यावर ठार मारण्यात आले. आणि सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात निरपराध मुसलमानांच्या ज्या हत्या झाल्या, त्यांची नोंद भारत सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने केली आहे. मुक्तिसंग्रामाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ती नोंदही वाचली पाहिजे. शस्त्र स्वेच्छेने उचलता येते. त्याची जबाबदारी मात्र स्वेच्छेने टाकून देता येत नाही.

मुक्तीनंतर ही मुले पुस्तकांकडे परतली. त्यांच्या प्रदेशाला स्वतःचे विद्यापीठ मिळावयास मात्र 1958 साल उजाडावे लागले.

20 ऑक्टोबर 1962 रोजी चिनी आक्रमण झाले, तेव्हा हे विद्यापीठ अवघे चार वर्षांचे होते आणि मी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात होतो. त्या दिवसांतील भावना खोटी नव्हती. मुली स्वेटर विणीत होत्या, मुले रक्तदानाच्या रांगेत उभी होती. नोव्हेंबरात यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. सैन्याला अधिकारी कमी पडत होते, म्हणून शिकलेल्या तरुणांसाठी आणीबाणी कमिशन देण्यात येऊ लागले आणि मद्रास व पुणे येथे प्रशिक्षणशाळा काढण्यात आल्या. जेमतेम सहा महिन्यांच्या शिक्षणावर तरुण अधिकारी तयार होऊ लागले. त्यांच्यापैकी अनेक जण 1965 च्या लढाईत आघाडीवर होते. 1963 मध्ये महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली. आणि सक्ती होताच काय झाले, ते मी डोळ्यांनी पाहिले. जी मुले 1962 मध्ये आपण होऊन पुढे आली होती, तीच पुढे कवायत चुकविण्यासाठी डॉक्टरांचे दाखले आणू लागली. 1968 मध्ये ती सक्ती काढून घ्यावी लागली. देशभक्ती हजेरीपटावर नोंदता येत नाही, एवढा धडा तरी आपण त्यातून घ्यावा.

माझ्या वर्गातील एक जण त्या वेळी कमिशन घेऊन गेला. त्याच हिवाळ्यात माझ्या गावचा एक शेतमजुराचा मुलगा शिपाई म्हणून भरती झाला. दोघेही मनापासून गेले, दोघेही लढाईत होते, दोघेही सुखरूप परतले. मुक्त झालेल्या आणीबाणी अधिकाऱ्यांसाठी केंद्रीय सेवांत जागा राखून ठेवल्या होत्या. माझ्या वर्गमित्राला नोकरी मिळाली, आणि ती मिळाली याचा मला आनंदच आहे. दुसरा मला भेटला तो 1972 च्या दुष्काळात, रस्त्याच्या कामावर खडी फोडताना. अंगात जुना खाकी सदरा होता. त्याने तक्रारीचा एक शब्दही उच्चारला नाही. “तिकडं रोज जेवण तरी वेळेवर मिळायचं, दादा,” एवढेच तो म्हणाला. माझा तिसरा प्रश्न मला त्या खडीच्या ढिगाऱ्यावर सापडला.

आजचे चित्र निराळे आहे काय? महाराष्ट्रातील मुले सैन्यात अधिकारी म्हणून अधिक संख्येने जावीत, यासाठी याच शहरात 1977 मध्ये राज्य सरकारने सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था स्थापन केली. हे चांगले पाऊल होते. परंतु अधिकारी होण्याची वाट इंग्रजीतून आणि शिकवणी-वर्गांतून जाते. कोरडवाहू शेतकऱ्याचा पदवीधर मुलगा पहाटे डांबरी रस्त्यावर धावतो तो बहुधा शिपायाच्या भरतीसाठी. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार त्याला चार वर्षांची सेवा मिळते. त्यानंतर शंभरांतील जास्तीत जास्त पंचवीस जण कायम होतात. उरलेल्यांना सुमारे पावणेबारा लाख रुपये मिळतात; निवृत्तिवेतन मिळत नाही. म्हणजे विशी ओलांडता ओलांडता तो माजी सैनिकासारखा परततो, आणि तरीही माजी सैनिकाचे निवृत्तिवेतन त्याच्या वाट्याला येत नाही. गोळी मात्र हुद्दा आणि सेवेची मुदत पाहून लागत नाही.

कोणी म्हणेल, आधुनिक सैन्याला तरुण जवान हवेत आणि निवृत्तिवेतनाचा बोजा सरकारला पेलत नाही. सैन्य तरुण असावे, हे मला मान्य आहे. पण त्या तारुण्याची किंमत एकट्या गरीब घराने का मोजावी? सैन्याच्या गरजा ठरविणाऱ्यांनी परत आलेल्या तरुणाच्या उरलेल्या चाळीस वर्षांचाही हिशेब मांडला पाहिजे.

मित्रहो, सैनिकाची टवाळी करणे हे आपले काम नाही आणि युद्धज्वराच्या मिरवणुकीत मशाल धरणे हेही आपले काम नाही. आपले काम तिसरे आहे. मराठवाड्यातील तरुणाला काम मिळाले पाहिजे, म्हणजे सैन्यात जाणे हा त्याचा निरुपाय न राहता निर्णय होईल. सेवेनंतर अधिकाऱ्याला जी प्रतिष्ठेची वाट मिळते, तशीच शिपायालाही मिळाली पाहिजे, यासाठी तालुक्या-तालुक्यांतून परत येणाऱ्या अग्निवीरांना संघटित केले पाहिजे. आणि आपल्या कार्यालयाच्या पायरीवर भरतीचा अर्ज घेऊन येणाऱ्या मुलाला व्याख्यान न देता, तो अर्ज भरण्यास मदत केली पाहिजे.

त्या पदवीधर तरुणाला मी आता सांगेन : बाळा, तुला जावेसे वाटत असेल तर अवश्य जा. पण युद्ध कशासाठी, हे विचारण्याचा नागरिकाचा हक्क मनातून कधी सोडू नकोस. तू परत येशील तेव्हा तुझ्या हाती हातोडा आणि समोर खडीचा ढीग असू नये, याची काळजी आम्ही वाहू. ती आम्ही वाहिली नाही, तर तुझ्या सत्कारसभेत भाषण करण्याचा अधिकार आम्हांला उरणार नाही.