खेळ, राज्य आणि ज्ञानकोशाचा स्वयंसेवक



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ज्ञानकोश हा शब्द भारदस्त, राज्यकारभार हा त्याहून भारदस्त. या दोघा वडीलधाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून 'व्हिडिओ गेम' हे पोर कोणी आणून बसवले, असा प्रश्न सहज पडेल. आमचे म्हणणे असे की, हे पोर तेथे वाट चुकून आलेले नाही. विकिपीडियासारख्या ज्ञानकोशात विनामूल्य राबणारे अनेक संपादक आपला परिचय देताना 'आवडीचे विषय' म्हणून व्हिडिओ गेम आणि राज्यव्यवस्था ही दोन्ही नावे बिनदिक्कत शेजारी मांडतात. या जोडीत काही संगती आहे काय, आणि असल्यास तुम्हाआम्हाला तिचे काय, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम हा संपादक कोण ते सांगू. आपल्याकडे ज्ञानकोशकार म्हटले की डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर डोळ्यांसमोर उभे राहतात. त्यांनी मंडळी उभी केली, भांडवल जमवले, वर्गणीदार मिळवले आणि तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश पुरा केला. तो एका पुरुषाच्या जिद्दीचा मार्ग होता. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईस मराठी विश्वकोश सिद्ध झाला. त्याचा पहिला खंड 1976 साली बाहेर पडला. तो शासनाच्या आश्रयाचा आणि विद्वानांच्या सहकार्याचा मार्ग होता. तिसरा मार्ग 15 जानेवारी 2001 रोजी अमेरिकेत विकिपीडियाने खुला केला. तेथे ना वेतन, ना पदवीची अट. ज्याला लिहावेसे वाटेल त्याने लिहावे, आणि ज्याला ते खोडावेसे वाटेल त्याने कारण देऊन खोडावे. मराठी विकिपीडिया 2003 साली सुरू झाला. इंग्रजीतील लेखांची संख्या आज सत्तर लाखांवर गेली आहे.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. फुकट काम करणारा माणूस आपल्या आवडीचेच काम करणार. मग तरुणांनी लिहिलेल्या कोशात खेळांची भाऊगर्दी आणि शास्त्रांचा दुष्काळ व्हायचा! शंका अगदीच निराधार नाही. इंग्रजी विकिपीडियात व्हिडिओ गेमवर लिहिणाऱ्यांचा संघ मोठा आणि शिस्तीचा आहे, हे खरे. परंतु या आवडीने त्या माणसाला काय शिकवले, हे पाहिल्यावाचून तिला हसणे बरे नव्हे.

खेळ म्हणजे नियम. सोंगट्या काय, बुद्धिबळ काय, नियम काढून घेतले की हाती लाकडाचे तुकडे उरतात. पडद्यावरच्या खेळात नियमांचे राज्य अधिकच कडक, कारण ते यंत्राच्या पोटात असतात. 1989 साली विल राइट या अमेरिकन रचनाकाराचा 'सिमसिटी' हा खेळ बाहेर पडला. त्यात शत्रू नाही, तलवार नाही. खेळणारा एका नगराचा प्रमुख असतो. वस्ती, बाजार आणि कारखाने यांसाठी जमीन आखून द्यावयाची, रस्ते बांधावयाचे, वीज पुरवावयाची आणि कर किती घ्यावा हे ठरवावयाचे. कर फार वाढवला की रहिवासी गाव सोडून जातात. नगरपालिकेचा अर्थसंकल्प इतक्या आवडीने वाचणारे नागरिक आमच्या तरी पाहण्यात नाहीत!

पण या खेळात एक मेख आहे. कर वाढवला की किती लोक जातील, हे कोणी ठरवले? राइट यांनी जे फॉरेस्टर यांचे नगरविकासाच्या गणितावरील 1969 सालचे पुस्तक वाचले होते, आणि त्या विचाराची छाया खेळावर पडली. म्हणजे नगर कसे चालते याविषयीचे एक मत खेळात शिरले, आणि खेळणाऱ्याला मात्र ते पावसापाण्यासारखे सृष्टिनियम वाटले. 2008 साली या खेळाची मूळ आज्ञावली खुली झाली. तोपर्यंत ती सूत्रे तपासण्याची सोय सामान्य खेळाडूला नव्हती. ज्या मुलाच्या मनात 'हा नियम कोणी केला?' असा प्रश्न खेळता खेळता उठला, त्याला राज्यशास्त्राचा पहिला धडा मिळाला असे आम्ही समजतो.

दुसरा धडा रशियातला. 1984 साली मॉस्कोत शास्त्र अकादमीच्या संगणककेंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेय पाजित्नोव यांनी 'टेट्रिस' रचला. वरून पडणाऱ्या ठोकळ्यांच्या ओळी जुळवावयाच्या, एवढाच खेळ. पण त्याने जगाला वेड लावले. त्याचा परदेशी व्यापार मात्र एलोर्ग या सरकारी संस्थेच्या हाती गेला, आणि कर्त्याला त्याच्या मानधनाचा वाटा 1996 पासून मिळू लागला. केवळ खेळाचा इतिहास लिहावयास बसलेल्या संपादकाला येथे सोव्हिएत राज्यातील मालकीहक्क समजून घेणे भागच पडते. खेळाचे बोट धरून तो सरकारच्या दारात जातो, तो असा.

सरकारेही काही कमी नाहीत. तीही खेळाच्या दारात येतात. 1993 साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये हिंसक खेळांवरून सुनावणी झाली. पुढल्या वर्षी त्या उद्योगाने कोणता खेळ कोणत्या वयासाठी हे सांगणारे स्वतःचे मंडळ काढले. हिंसक खेळ मुलांना विकण्यास बंदी करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली रद्द केला. पुस्तके आणि नाटके यांना जे भाषणस्वातंत्र्य आहे तेच खेळांना आहे, असा निर्णय दिला. त्याच वर्षी दक्षिण कोरियाने सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत संगणकजालावर खेळण्यास मनाई केली, आणि दहा वर्षांनी तो कायदा मोडीत काढावयाचे ठरवले. 2021 साली चीनने अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, एवढाच तास ठरवून दिला. आपल्या संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि स्पर्धात्मक ई-खेळांना उत्तेजन देण्याचे धोरण जाहीर केले.

आता यांपैकी कोणता निर्णय शहाणपणाचा? श्रोत्यांपैकी प्रत्येकाचे मत असेल, आमचेही आहे. ज्ञानकोशाच्या संपादकाचेही असते. परंतु ते लेखात उतरवावयाचे नाही, ही त्याची दीक्षा. कायदा काय म्हणतो, तो का केला असे सरकार म्हणते, विरोधक काय म्हणतात, न्यायालयाने काय ठरवले, हे आधार देऊन लिहावयाचे. खेळावरील लेखातही हाच दंडक. कथेत काय घडते हे खेळ पाहून सांगता येते. पण 'हा खेळ उत्तम आहे' असे शंभर वेळा खेळलेल्यालाही स्वतःच्या जोरावर लिहिता येत नाही. विश्वसनीय ठिकाणी छापून आलेले परीक्षण दाखवावे लागते. स्वतःच्या अनुभवाला पुरावा न मानणे किती कठीण, हे गावच्या पारावर दोन घटका बसलेल्यास सांगावयास नको!

म्हणजे नियम येथेही आहेत, आणि 'सिमसिटी'हून त्यांचा वेगळेपणा यातच आहे की, हे नियम पाळणाऱ्यांनीच चर्चेने घडवले आहेत. प्रत्येक लेखामागे चर्चेचे पान असते आणि प्रत्येक फेरफाराची नोंद राहते. कोणी काय खोडले आणि कोणते कारण दिले, हे सहसा कोणालाही पाहता येते. भांडण विकोपास गेले तर इंग्रजी विकिपीडियात 2004 पासून काम करणारी लवादसमिती आहे. तिचे सभासद संपादकांच्या मतांनी निवडले जातात. ही समिती 'खरे काय' हे ठरवीत नाही. 'वर्तन कोणाचे गैर' एवढेच ठरवते. सत्याचा निवाडा पुराव्यावर आणि चर्चेवर सोडलेला असतो. ही मर्यादा आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते.

तिची कसोटी खेळांच्याच क्षेत्रात लागली. 2014 साली 'गेमरगेट' नावाचे वादळ उठले. खेळ घडवणाऱ्या आणि खेळांवर लिहिणाऱ्या काही स्त्रियांचा संघटितपणे छळ झाला, आणि त्या प्रकरणावरील लेखात रोज रणकंदन माजू लागले. जानेवारी 2015 मध्ये लवादसमितीने निर्णय देऊन काही संपादकांवर बंधने घातली. त्या निर्णयावर टीका पुष्कळ झाली. तथापि पगारी पोलीस नाही, तुरुंग नाही, दंड नाही, अशा ठिकाणी परक्या माणसांनी लेखी पुराव्यावर निवाडा करावा आणि बाकीच्यांनी तो पुष्कळसा पाळावा, ही घटना राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही.

या व्यवस्थेत दोष नाहीत असे मात्र कोणी समजू नये. 2005 साली जॉन सिगेनथेलर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रलेखात केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध जोडणारा धादांत खोटा मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला. निष्पाप माणसाची अब्रू म्हणजे खेळातला गुण नव्हे. त्यानंतर इंग्रजीत नाव न नोंदवता नवा लेख सुरू करण्यास बंदी आली. शिवाय संपादकांत पुरुषांची संख्या फार मोठी आहे आणि तिचा परिणाम विषयांच्या निवडीवर होतो. ज्यांनी लिहिलेच नाही, त्यांचे जग कोशात अपुरेच राहणार.

आणि आता खरा प्रश्न. सरकारविषयीची माहिती सरकारच्या हाती असावी, की नागरिकांच्या? जुलै 2014 मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या संगणकांवरून लेखांत खोडसाळ फेरफार होऊ लागले, तेव्हा तेथून निनावी संपादन करण्यास दहा दिवस बंदी घालण्यात आली. बलाढ्य राष्ट्राच्या कायदेमंडळाच्या कचेरीला बिनपगारी स्वयंसेवकाने 'दहा दिवस थांबा' म्हणावे, यातली गंमत आणि गांभीर्य दोन्ही ध्यानात घ्यावे. उलट बाजूही आहे. तुर्कस्तानच्या सरकारने एप्रिल 2017 मध्ये देशात विकिपीडियाच बंद केला. कारण सीरियातील यादवीत त्या सरकारवर होणाऱ्या आरोपांचा उल्लेख त्यात होता. तेथील घटनान्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारी ठरवली, आणि जानेवारी 2020 मध्ये कोश पुन्हा खुला झाला. पावणेतीन वर्षे आठ कोटी लोकांच्या देशात एक ज्ञानकोश कुलपात होता, श्रोतेहो!

यावरून आमचा सिद्धान्त असा. यंत्रातल्या खेळाचे नियम खेळाडूला बदलता येत नाहीत. राज्याचे नियम नागरिकाला बदलता येतात. परंतु ते इतके दूर असतात की तो अधिकार असल्याचेच तो विसरतो. स्वयंसेवकांचा ज्ञानकोश या दोहोंच्या मध्ये आहे. येथे नियम पाळावे लागतात, ते बदलण्यासाठी चारचौघांत कारण द्यावे लागते, आणि न पटणाऱ्या माणसाबरोबर एकच परिच्छेद लिहून काढावा लागतो. लोकशाहीची तालीम याहून निराळी काय असते?

म्हणून दोन विनंत्या करून हे भाषण पुरे करतो. वडीलमंडळींना विनंती अशी की, मुलगा व्हिडिओ गेम खेळतो म्हणून कपाळाला हात लावण्यापूर्वी, त्या खेळाचे नियम कोणी केले आणि ते न्याय्य आहेत काय, एवढे त्याला विचारून पाहावे. उत्तर ऐकण्याजोगे असेल. तरुणांना विनंती अशी की, आवडीच्या खेळावर जितके साक्षेपाने लिहाल, तितक्याच साक्षेपाने आपल्या ग्रामपंचायतीवर, जिल्हा परिषदेवर, नगरपालिकेवर मराठीत लिहा. अधिकार काय, निवडणूक कशी होते, पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, हे आधारांसह मांडा. सरकार स्वतःविषयी सांगतेच. पण नागरिकाने तपासून सांगितलेल्याची सर त्याला येत नाही. केतकरांना त्यासाठी आयुष्याची कितीतरी वर्षे मोजावी लागली. आज प्रत्येकाने आठवड्याची एक संध्याकाळ दिली तरी बरेच काम होईल. तेवढी आपल्यापाशी खास आहे.