लेझरची पुढची बैठक आणि बिलावरची नोंद



मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडलेल्या रुग्णाचं पीआरपी, म्हणजे पडद्यावरचं लेझर, सहसा एका दिवसात उरकत नाही. एका डोळ्याला साधारण १२०० ते १६०० ठिपके द्यावे लागतात. ते एकदम दिले तर पडद्याच्या मध्यभागी सूज वाढण्याची भीती, म्हणून दोन-तीन बैठका. तरीही दुसऱ्या बैठकीच्या विमा-दाव्यावर ‘डुप्लिकेट’ असा शेरा पडू शकतो. माझ्या मते यात तपासणाऱ्याच्या संशयापेक्षा आपल्या त्रोटक नोंदींचा वाटा मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या रोगवर्गीकरणातला ‘ई ११.३’ हा कोड मधुमेहाने डोळ्यात झालेली गुंतागुंत सांगतो. डोळा उजवा की डावा, हे सांगत नाही. त्यात कार्डावर नुसतं ‘लेझर केलं’ एवढंच असेल आणि पंधरा दिवसांनी त्याच नावाचा, त्याच कोडचा कागद पुन्हा आला, तर समोरच्याने काय समजावं? आधीच आखलेली पुढची बैठक, दुसरा डोळा आणि पहिलं लेझर पुरं न पडल्याने करावा लागलेला फेरउपचार, या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. अमेरिकेत असा फरक दाखवण्यासाठी मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडायच्या खुणा, आहेत. तिथे पीआरपीच्या ६७२२८ या कोडमध्ये ‘एक वा अधिक बैठका’ एकत्र धरल्या जात; २०१६ पासून ते शब्द काढले गेले आणि त्याच शुल्कात धरला जाणारा पाठपुराव्याचा काळ ९० दिवसांवरून १० दिवसांवर आला.

बैठका सुट्या मोजल्या तर त्या विनाकारण वाढवल्या जातील, अशी विमा कंपन्यांची शंका असते. ती रास्तच आहे. पण प्रत्येक बैठकीचे ठिपके आणि पडद्याचा कोणता भाग घेतला, हे लिहिलं की खरी बैठक आणि फुगवलेलं बिल लगेच वेगळं दिसतं. ओपीडीच्या गर्दीत एवढं लिहायला वेळ कुठला, हा डॉक्टरांचा आक्षेप मात्र मला पटत नाही. फेटाळलेल्या दाव्याच्या पत्रव्यवहारात याहून कितीतरी अधिक वेळ जातो, आणि मंजुरीच्या खोळंब्यात नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठहून रोज बुडवून आलेला रुग्ण अर्ध्या उपचारावर घरी परततो. अर्धवट पीआरपीने नजर जाण्याचा धोका टळत नाही.

म्हणून डॉक्टरांना विनंती, की डोळा, बैठकीचा क्रमांक, ठिपके आणि ही बैठक आधी ठरलेली की फेरउपचाराची, हे दर वेळी लिहा. विमा प्रतिनिधींनी पहिल्याच अर्जावर सर्व बैठकांना एकत्र पूर्वमंजुरी देण्याचा विचार आपल्या याच परिषदेत करावा.