प्रौढ वयातील पहिला धडा

संगीत शिकावयाचे ते लहानपणीच, अशी आपल्याकडे एक दृढ समजूत आहे. कोवळ्या वयात गळा वळतो, बोटे वळतात. ते वय एकदा निघून गेले की माणसाने मुकाट्याने श्रोत्यांच्या रांगेत जाऊन बसावे, असे जणू ठरूनच गेले आहे. या समजुतीत मुळीच तथ्य नाही असे नव्हे. परंतु तिच्यापायी किती घरांतील किती वाद्ये माळ्यावर धूळ खात पडली आहेत, याचा हिशेब मात्र कोणी मांडलेला नाही.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात राहणारे एखादे मराठी गृहस्थ डोळ्यांसमोर आणावेत. वय अठ्ठावन्न. नोकरी संपत आलेली. मुलगा शिक्षणासाठी परदेशी गेला तो तिकडेच स्थिरावला, आणि जाताना मागे ठेवलेली त्याची गिटार कपाटाच्या माथ्यावर तशीच राहिली. एके दिवशी हे गृहस्थ ती खाली काढतात, फडक्याने पुसतात, भीत भीत एक तार छेडतात आणि चटकन इकडे तिकडे पाहतात. कोणी ऐकले तर नाही ना? या इकडे तिकडे पाहण्यातच प्रौढ विद्यार्थ्याची खरी अडचण साठलेली आहे. बोटांचा ताठरपणा हा त्याचा दुसरा शत्रू होय. पहिला शत्रू संकोच.

हा संकोच येतो कोठून? लहान मुलाचा कान आणि हात बरोबरीने वाढतात. त्याने बेसूर वाजविले तरी ते बेसूर आहे हे त्याला पुरते उमगलेले नसते, म्हणून ते आनंदाने वाजवीत राहते. प्रौढाची गोष्ट उलट. त्याने तीस-चाळीस वर्षे उत्तमोत्तम संगीत ऐकलेले असते. त्याचा कान पदवीधर असतो आणि बोटे मात्र बालवर्गात असतात. आपल्याच हातून निघालेला स्वर त्याच्या कानाला सोसवत नाही, आणि तो समजतो की आपल्या अंगी संगीतच नाही. वास्तविक ज्या कानामुळे तो शरमिंदा होतो, तोच कान त्याचे भांडवल असतो. चूक ओळखता येणे ही अर्धी विद्या आहे. उरलेली अर्धी मिळवावयाची ती रोजच्या शिस्तीने.

संगीत हे जन्माचे लेणे नसून शिस्तीने साध्य होणारी विद्या आहे, हा विचार रुजविण्याचा एक मोठा प्रयोग वडोदरे शहरातच झाला, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. १८८६ साली महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी येथे गायनशाळा काढली. ज्या काळी गाणे हे घराण्याचे गुप्त धन होते, शिष्याने वर्षानुवर्षे गुरुगृही सेवा करावी तेव्हा कोठे एखादी चीज पदरात पडावी, त्या काळी वर्ग, वेळापत्रक आणि क्रमिक पुस्तके यांच्या आधाराने सामान्य घरातील मुलांना गाणे शिकविण्याचा हा उपक्रम होता. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसविली आणि पुस्तके छापून घेतली. कागदावरचा स्वर वाचून तो घरी घोकता येतो, ही कल्पना तेव्हा अनेकांना धाडसाची वाटली असली तर नवल नाही.

या प्रयोगामागे उभे असलेले महाराज स्वतः तरी कोण होते? नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, दत्तक म्हणून वडोदऱ्याच्या गादीवर आला. त्याचे रीतसर शिक्षण सुरू झाले ते त्यानंतर. उशिरा अक्षरओळख झालेल्या या राजाने पुढे १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९१० पासून गावोगाव वाचनालये उभारून पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यापाड्यांत पोहोचविल्या. विद्येने माणसाच्या दाराशी जावे, हे त्या कारभाराचे सूत्र होते. गायनशाळा हे त्याच सूत्राचे एक टोक. १९१६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही वडोदऱ्यासच. आणि भातखंडे तरी पेशाने वकील. गवयाच्या घराण्यात जन्मलेले नव्हेत. ती जुनी गायनशाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची प्रयोगकला (परफॉर्मिंग आर्ट्स) शिकविणारी शाखा म्हणून सूरसागर तलावाजवळ नांदत आहे.

पाश्चात्त्य वाद्याचेही या शहराला वावडे नाही. मौलाबक्षांचे चिरंजीव डॉ. अल्लाउद्दीन खाँ पठाण लंडनला जाऊन तेथील संगीताचे शिक्षण घेऊन आले होते. शेजारच्या अहमदाबादेत वास्तव्य केलेल्या ब्रिजभूषण काब्रा यांनी तर आडव्या धरलेल्या हवाईयन गिटारवर रागसंगीत वाजविले. १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांनीच गाजविली. तेव्हा आमच्या गृहस्थांच्या मांडीवरील गिटार ही काही परक्या दारची पाहुणी नव्हे.

आता त्या वाद्याकडेच वळावे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या गिटारच्या तारा गंजलेल्या असतात, कधी मान किंचित वाकलेली असते, आणि तारा पडद्यांपासून वाजवीपेक्षा उंच चढलेल्या असतात. अशा वाद्यावर शिकणे म्हणजे बोथट विळ्याने गवत कापणे. म्हणून पहिला खर्च करावा तो नव्या तारांवर आणि जाणत्या कारागिराकडून वाद्य नीट करून घेण्यावर. नायलॉनच्या तारा बोटांना मवाळ असतात. परंतु ज्या गिटारची बांधणी नायलॉनसाठी आहे तिच्यावर पोलादी तारा कदापि चढवू नयेत, कारण त्यांचा ताण तिला सोसत नाही.

तारा सहा. जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी, बी आणि पुन्हा ई. ही नावे ऐकून बिचकण्याचे कारण नाही. आपल्या सारेगमच्या भाषेत हा हिशेब अगदी सोपा आहे. सर्वांत जाड तार म्हणजे षड्ज धरला, तर तिच्या पाचव्या पडद्यावर शुद्ध मध्यम लागतो, आणि शेजारची मोकळी तार त्याच मध्यमात मिळवावयाची. प्रत्येक तारेचा मध्यम तो पुढच्या तारेचा षड्ज, असा हा जिना आहे. त्याला अपवाद एकच. जी आणि बी या दोन तारांमध्ये मध्यमाऐवजी शुद्ध गांधाराचे अंतर असते, म्हणून तेथे पाचवा पडदा सोडून चौथा धरावा लागतो. आज फोनमध्ये तार मिळविण्याची सोय असते, ती अवश्य वापरावी. परंतु रोज एकदा तरी केवळ कानाने तारा मिळवून पाहाव्यात. वाद्य मिळविणे ही वादनाची पूर्वतयारी नसून वादनाचाच पहिला धडा आहे.

सतारीचे पडदे सरकविता येतात. गिटारचे पडदे पक्के ठोकलेले असतात. तारेची लांबी पासष्ट सेंटिमीटर असेल तर बारावा पडदा बरोबर मध्यावर, साडेबत्तीस सेंटिमीटरांवर येतो आणि तेथे वरचा षड्ज बोलतो. मधले बारा स्वर सारख्या प्रमाणाने वाटलेले असल्यामुळे पडदे पुढे पुढे जवळ येत जातात. या समान वाटणीचा एक परिणाम असा की, तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा गिटारचा शुद्ध गांधार किंचित चढा लागतो. पेटीचीही तीच कथा. अशाच स्वरूपाच्या आक्षेपांमुळे १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने हार्मोनियम दूर ठेवली होती. ज्याचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे त्याला हा गांधार खुपेल. पण तो दोष आपल्या बोटांचा आहे असे त्याने समजू नये.

मग येतो बोटांचा प्रश्न. तार दाबावयाची ती पडद्याच्या डोक्यावर नव्हे, तर त्याच्या अगदी अलीकडे. तेथे कमी जोर पुरतो आणि स्वर स्वच्छ निघतो. डाव्या हाताची नखे काढलेली असावीत आणि अंगठा मानेच्या पाठीमागे सैल टेकलेला असावा. पहिले दोन-तीन आठवडे बोटांची अग्रे हुळहुळतात, पुढे तेथील कातडे राठ होते आणि दुखणे थांबते. मात्र कातडीचे दुखणे वेगळे आणि सांध्याचे दुखणे वेगळे. मनगट वा बोटांचे सांधे दुखू लागले तर वाद्य खाली ठेवावे. प्रौढ वयात हा विवेक विसरून चालत नाही.

गिटारचा आत्मा स्वरसमूहात, म्हणजे कॉर्डमध्ये आहे. षड्ज, गांधार आणि पंचम एकाच वेळी छेडले की एक कॉर्ड होते. नवशिक्या माणसाला पुस्तके बहुधा लवकरच ‘एफ’ नावाच्या कॉर्डपाशी नेऊन आदळतात. तिच्यात तर्जनी आडवी टाकून साऱ्या तारा दाबाव्या लागतात, आणि येथेच पुष्कळांचा धीर सुटतो. त्याऐवजी जी, सी आणि डी या तीन कॉर्ड आधी घ्याव्यात. ‘जी’ला षड्ज मानले तर या तिन्ही अनुक्रमे षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभ्या आहेत, आणि कित्येक साध्या चालींना एवढे भांडवल पुरते. प्रत्येक कॉर्ड सुटी सुटी वाजविणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते एकीवरून दुसरीवर जाणे. पायाने ठेका धरावा, चार मात्रा एक कॉर्ड, चार मात्रा दुसरी, आणि बदलताना ठेका थांबणार नाही इतकी लय संथ ठेवावी. लय वाढविण्याची घाई हा प्रौढांचा विशेष दोष आहे. हाताशी वर्षे थोडी आहेत असे त्यांना वाटत असते. परंतु रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसणारा पुढे जातो, असाच सर्वत्र अनुभव आहे. दोन बैठकींमधील झोप आणि विसावा हेही शिक्षणच असते.

घरच्या घरी शिकण्याला मर्यादा आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही. स्वरलेखनाने चीज कागदावर उतरली, पण मींड आणि स्वरांचा लगाव कागदावर पूर्णपणे उतरले नाहीत. आज पुस्तकाबरोबर चलच्चित्रेही मिळतात. तरीही पडद्यावरचा शिक्षक विद्यार्थ्याचा वाकलेला खांदा पाहू शकत नाही. म्हणून महिन्यातून एकदा का होईना, एखाद्या जाणत्या माणसापुढे बसून हात दाखवावा. तो माणूस वयाने आपल्या मुलाएवढा असेल. प्रौढाच्या विनयाची खरी परीक्षा तेथेच आहे.

आणखी एक सावधगिरी मराठी कानाने बाळगली पाहिजे. आपल्या पुष्कळ चाली रागांवर बेतलेल्या असतात आणि रागाला वर्ज्य स्वर असतात. भूप रागात मध्यम नाही आणि निषाद नाही. त्यातील एखाद्या चालीखाली मध्यमावरची कॉर्ड वाजविली की मध्यम आत शिरतो, आणि पंचमावरची वाजविली की निषाद. कान लगेच तक्रार करतो. अशा वेळी कॉर्डचा मोह सोडून नुसते षड्ज-पंचम छेडावेत, म्हणजे गिटार तंबोऱ्याचे काम करते. कोठे बोलावे आणि कोठे गप्प राहावे, हे साथीचे मर्म नवशिक्यालाही अशा रीतीने पहिल्या वर्षातच कळू लागते.

साथ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. प्रौढ विद्यार्थी निराश होतो तो बहुधा यामुळे की, तो स्वतःला मैफलीतील कलावंताच्या मापाने मोजतो. ते माप त्याचे नव्हे. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिला धडा घेणारा माणूस मोठा वादक होण्याचा संभव थोडा. परंतु घरातील एखाद्या गळ्याला त्याने साथ द्यावी, हे सर्वस्वी त्याच्या आवाक्यातले आहे.

सहा-आठ महिने लोटतात. आमचे गृहस्थ संध्याकाळी दार लोटून घेऊन त्या तीन कॉर्ड घोळवीत असतात. अशाच एका संध्याकाळी स्वयंपाकघरातून गुणगुणणे ऐकू येते. गेली तीस वर्षे त्या घरात देवाजवळ म्हटले जाणारे एक भजन. पट्टी काळी चार. ‘जी’ म्हणजे पांढरी पाच. मानेवर पहिल्या पडद्याशी कॅपो नावाचा चिमटा लावला की त्याच बोटांनी काळी चार मिळते. ते चिमटा लावतात, दार उघडतात आणि हलक्या हाताने ठेका धरतात. एक कॉर्ड चुकते. आतले गाणे थांबत नाही. ते पुढची ओळ घेते आणि गिटार तिला येऊन मिळते. या वेळी मात्र ते इकडे तिकडे पाहत नाहीत.